डेमोचे बटण

गेल्या मे महिन्यात मुलीसाठी ‘कॅसिओ’ घ्यायला आम्ही दुकानात गेलो. आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड म्हणजे कॅसिओच. त्या कंपनीचा पहिला कीबोर्ड १९८० साली आला. नाव चिकटले ते चिकटलेच.

दुकानातल्या पोराने एक बटण दाबले आणि अख्खा बँडच सुरू झाला! आम्ही चाट पडलो. मग दिसले, त्याचे हात तर खिशात आहेत. वाजवत होते यंत्रच.

मुलगी म्हणाली, “दादा, मी वाजवू?” तो आमच्या चपलांकडे पाहून घुटमळला. आम्ही म्हणालो, “भाऊ, वर्षभर पैसे साठवलेत. तिला हात लावू दे.”

ती पेटीवर शिकलेली. दोन ओळी वाजताच पोरगा पुढे सरसावला. ट्रान्स्पोजचे बटण दाबून म्हणाला, “ताई, आता तशीच वाजव.” बोटे त्याच पट्ट्यांवर, सूर मात्र वर चढलेला! दुसऱ्या, ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डावर हळू दाबले की आवाज हळू, जोरात दाबले की मोठा. पहिल्या स्वस्तातल्यावर कसेही दाबा, आवाज एकच. मुलगी दुसऱ्यापासून हलेना.

दीड हजार कमी पडत होते. तिच्या आईने काही न बोलता पिशवीतली पुरचुंडी काढली.