पिवळा गडी

जिथे जाईल तिथे डाग ठेवून यायचं, ही याची खोड. पांढऱ्या सदऱ्याला विचारा. एरवी मात्र गडी नाजूक. उन्हात विटतो आणि चुन्याशी गाठ पडली की लालबुंद होतो. नाव कर्क्युमिन. हळदीत याचा वाटा शंभरात दोन ते पाच भाग, पण मिरवतो असा की हळद म्हणजे आपणच. १८१५ साली व्होगेल आणि पेल्तिए या संशोधकांनी त्याला हळदीतून वेगळा काढला. रचना उलगडायला १९१० उजाडलं. घरची पुण्याई म्हणाल तर भरपूर. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, ते रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने लढा दिला म्हणून.

पण जखम कातडीची वेगळी आणि मज्जारज्जूची वेगळी. मणका मोडून मज्जारज्जू चेचला जातो ते क्षणाचं काम. खरा घात पुढच्या तासा-दिवसांत होतो. रक्तवाहिन्या गळू लागतात, न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या संरक्षक पेशी आत घुसतात, मज्जारज्जूतल्याच मायक्रोग्लिया पेशी चवताळतात. मलबा उपसायला आलेल्या गड्यांनी उभ्या भिंतीही पाडाव्यात, तसं होतं. पहिल्या माऱ्यातून वाचलेले मज्जातंतू या दाहात मरतात, आणि ते पुन्हा सहजी वाढत नाहीत.

आपल्या पिवळ्या गड्याला हा दाह विझवण्याचंच काम मानवतं. पेशीत एनएफ-कॅपा-बी नावाचं प्रथिन असतं. ते जागं झालं की दाह भडकवणाऱ्या टीएनएफ-अल्फासारख्या रेणूंची निर्मिती सुरू होते. कर्क्युमिन त्याला जागं होऊ देत नाही, हे १९९५ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. मग मज्जारज्जू दुखावलेल्या उंदरांना तो देऊन पाहिला. अनेक प्रयोगांत सूज कमी, व्रण लहान, मागचे पाय जास्त हलते. एवढं कौतुक झाल्यावर कोणाचंही डोकं फिरेल.

अडचण अशी की उंदराला तो बहुधा इजेनंतर लगेच आणि पुष्कळदा सुईने मिळतो. माणसाने तोंडाने घेतला तर स्वारी वाटेतच गारद. पाण्यात विरघळत नाही. जो थोडा आतड्यातून पुढे सरकतो त्याला आतडं आणि यकृत मिळून बाहेरची वाट दाखवतात. रक्ताइतक्या सौम्य अल्कलीतही, सोबतीला प्रथिनं नसतील तर, अर्ध्या तासात तो जवळजवळ संपतो. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी मिरीतलं पायपरीन जोडीला दिलं, तेव्हा माणसाच्या रक्तात तो वीसपट दिसला. वीसपट ऐकायला भारी. पण मुळात होता किती?

शिवाय हा थोडा बहुरूपीही आहे. स्वतः चमकतो, हाती लागेल त्या प्रथिनाला चिकटतो, आणि चाचणीत नसलेला गुण असल्यासारखा भासवतो. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी त्याची झाडाझडती घेतली आणि सांगितलं, शंभराहून जास्त मानवी चाचण्या होऊनही पक्कं यश एकाही काटेकोर चाचणीत नाही. मला ही झाडाझडती रास्त वाटते. याच इजेत आधी काय झालं ते आठवा. मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड १९९० पासून मज्जारज्जूच्या इजेत सर्रास दिलं जाई. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मज्जाशल्यविशारदांनीच ते देऊ नका म्हटलं. तिथे घाई नडली होती.

आता त्याला नॅनोकणांत भरून, जेलमध्ये मिसळून थेट इजेच्या जागी पोचवण्याची खटपट चालू आहे, तीही बहुतांशी उंदरांतच. इकडे वॉर्डाबाहेर नातेवाईक विचारतात, ‘‘डॉक्टर, हळदीच्या गोळ्या सुरू करू का?’’ अशा रुग्णाला बहुधा रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शनं चालू असतात, त्यात या गोळ्यांनी रक्तस्रावाची भीती, आणि मिरी-युक्त गोळ्या इतर औषधांचा शरीरातला निचराही बदलू शकतात. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदली गेली. तेव्हा गोळ्या विचारल्याशिवाय नकोत. आमटीतली हळद खुशाल चालू द्या. त्यातून मज्जारज्जूपर्यंत काही पोचेल ही आशा मात्र ठेवू नका.