ताप नाही

आमच्या टिटवाळ्याचे दोन आधार : महागणपती आणि लोकल. २०२० च्या मार्चात दोहोंची दारे मिटली. पावसाळ्यात एका रात्री माझ्या सातवीतल्या विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला. "सर, दोन दिवस जेवला नाही. म्हणतो, जगायचंच नाही."

ओळखीच्या रिक्षावाल्याला उठवून आम्ही कल्याणकडे निघालो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. पण त्याचे नाव काढताच माउलीला हुंदका आला. पहिल्या दवाखान्याच्या दारात पहारेकऱ्याने मुलाच्या कपाळाशी यंत्र धरले. "ताप नाही. सकाळी या." त्या दिवसांत ताप नसणे हे केवढे भाग्य! आमच्यापुरते दार त्यानेच लागले.

दुसरीकडे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. नखशिखान्त झाकलेल्या, नुसते डोळे दिसत. त्या मुलाजवळ फरशीवरच बसल्या नि म्हणाल्या, "वर्गात तुझ्याशेजारी कोण बसतं?" चार महिने मी त्याला फोनवर गणिते धाडत होतो, एवढे विचारायचे मला सुचले नव्हते. पोरगा ढसाढसा रडला. बाई उठल्या नाहीत. मग आईला एवढेच सांगितले, "त्याला क्षणभर एकटा सोडू नका. आणि त्या मित्राशी रोज बोलू द्या."

२०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. रात्रीअपरात्रीही फुकट बोलता येते. मी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आहे. "सर, परीक्षेला येणार का?" असे एकाने विचारलेच.