वादी अदाईतली कॅसेट

ओमानमध्ये ‘वादी’ म्हणजे पावसाच्या पाण्याचं, एरवी कोरडं पडलेलं पात्र. आमच्या आजीला मात्र हे शेवटपर्यंत पटलं नाही. ती पत्रात विचारायची, “अदाईवाडीत सगळे बरे ना?”

मस्कतमधल्या रुवीहून कुरियातकडे जाणारा रस्ता या वादी अदाईतून जातो. दोन्ही अंगांना उघडेबोडके डोंगर, मध्ये वळणावळणाचा रस्ता. तिथेच एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. शुक्रवारी संध्याकाळी बाबा आम्हाला गाडीतून अमरातपर्यंत फिरवून आणायचे, आणि गाडीत ताईची एकच कॅसेट वाजायची: बँगल्स.

“बांगड्या? नाव तरी बरं आहे!” आई म्हणाली होती.

लॉस एंजेलिसच्या या चार मुली. व्हिकी आणि डेबी पीटरसन या सख्ख्या बहिणी, शिवाय सुझॅना हॉफ्स आणि मायकेल स्टील (हीसुद्धा मुलगीच बरं का!). ताईला कौतुक होतं ते या मुली स्वतः वाजवतात याचं. ‘मॅनिक मंडे’ १९८६ साली अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. तेव्हा ओमानमध्ये सुट्टी गुरुवार-शुक्रवारची, शाळा शनिवारी सुरू. सोमवार म्हणजे आठवड्याचा मध्य. त्यामुळे सोमवारचं एवढं काय रडायचं, ते मला कळत नसे. ताई मात्र डॅशबोर्डवर ठेका धरायची. तिला डेबीसारखे ड्रम्स वाजवायचे होते. बाबा म्हणाले, “आधी बारावी.” आई म्हणाली, “पेटी शीक.”

बारावीनंतर आपली मुलं भारतात परतायची, हा तिथला शिरस्ता. जून १९९१ मध्ये ताई पुण्याला गेली. कॅसेट माझ्या ताब्यात देऊन म्हणाली, “जपून ठेव.”

२५ ऑक्टोबर १९९१. शारजात भारत-पाकिस्तान अंतिम सामना. मला कॉमेंटरी टेप करायची होती, आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. कॅसेटच्या खाचांवर चिकटपट्टी लावली आणि बटण दाबलं. आकिब जावेदने हॅटट्रिकसह ३७ धावांत ७ बळी घेतले. सामनाही गेला आणि बँगल्सही गेल्या!

हे मी ताईला कधीच सांगितलं नाही. तो बँड १९८९ मध्येच फुटला होता, हेही आम्हाला फार उशिरा कळलं. पुढे त्या पुन्हा एकत्र आल्या. २००३ मध्ये त्यांचा नवा अल्बम निघाला, तेव्हा मी अमेरिकेत एमएस करत होतो. पहिली सीडी घेतली ती ताईला पाठवली. सोबतच्या चिठ्ठीतही खरं काही लिहिलं नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं सहकुटुंब मस्कतला गेलो. २००७ च्या जूनमध्ये गोनू वादळात या वादीला महापूर आला होता, रस्त्याची पार दैना झाली होती. आता रस्ता छान आहे. आमचं घर काही सापडलं नाही. डोंगर तेवढे ओळखीचे. तिथे गाडी थांबवून मी एकदाचं सांगून टाकलं.

ताई हसली. “अरे, मे महिन्यात सुट्टीला आले तेव्हाच लावली होती. आकिब ऐकला आणि परत ठेवून दिली.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलून काय? ड्रम्स थोडेच मिळणार होते?” मग म्हणाली, “‘वॉक लाइक ॲन इजिप्शियन’मध्ये डेबीचे ड्रम्स नाहीतच, माहीत आहे? यंत्र वापरलं. कडवंसुद्धा तिला दिलं नाही. हे वाचलं तेव्हा मी कॅसेटपेक्षा जास्त रडले.”

मला काही बोलायला सुचेना. कॅसेटचं ओझं मी इतकी वर्षं वाहिलं, आणि तिचं दुःख भलतंच होतं. ते आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

परतताना भाचीने फोनवर तीच गाणी लावली. बावन्न वर्षांच्या ताईचा हात आपोआप डॅशबोर्डवर गेला. ठेका एकदाही चुकला नाही.

मंडळी, आपल्याही मुलांच्या खोल्यांतून हल्ली कसलेकसले आवाज येतात. दार लावून घ्यायला सांगण्याआधी एकदा आत जाऊन विचारा, “यातलं तुला काय वाजवायचंय?”