शिंक लपत नाही

डोळे कोरडे पडतात म्हणून औषध नाकात मारायचं, ही कल्पना पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती तऱ्हेवाईक वाटली होती. आता कल्पनेबद्दल तक्रार नाही. तिची परीक्षा ज्या रीतीने झाली, ती मात्र अजून खुपते. मिरचीच्या फोडणीचा खकाणा नाकात गेला की डोळ्यांना धार लागते, हे कुणाला सांगायला नको. नाकाच्या आतल्या अस्तरात ट्रायजेमिनल मज्जातंतूची टोकं असतात. ती चाळवली की मेंदूमार्गे अश्रुग्रंथीपर्यंत निरोप जातो. व्हॅरेनिक्लिन हे औषध नेमकं तेच करतं. अमेरिकेत २००६पासून सिगारेट सोडण्यासाठी त्याच्या गोळ्या आहेत, कारण निकोटीन शरीरात जिथे जाऊन चिकटतं त्याच जागा ते धरतं. आणि तशा जागा नाकातल्या त्या टोकांवरही आहेत. (तपकीर ओढणाऱ्यांचे डोळे पाणावतात, त्यात नुसता तिखटपणाच नसावा.) ऑक्टोबर २०२१मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याचा फवारा ‘टिरवाया’ या नावाने मंजूर केला. प्रत्येक नाकपुडीत एकेक फवारा, सुमारे १२ तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा.

मंजुरीचा मुख्य आधार म्हणजे ‘ऑनसेट-२’ ही ७५८ रुग्णांची चाचणी. काहींना औषध, काहींना औषधाविना तसाच द्रव, आणि कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला किंवा डॉक्टरला ठाऊक नाही. मोजमाप शर्मर पट्टीचं. खालच्या पापणीत गाळणकागदाची चिंचोळी पट्टी अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर ओली होते ते पाहायचं. चार आठवड्यांनी हा आकडा १० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढलेले रुग्ण औषधाच्या गटात ४७ टक्के निघाले, नुसत्या द्रवाच्या गटात २८ टक्के. फरक खरा आहे, त्यावर मी बोट ठेवत नाही. पण याच औषधाच्या माहितीपत्रकात आणखी एक आकडा आहे: ८२ टक्के रुग्णांना शिंका आल्या. नुसत्या द्रवाने येणाऱ्या शिंकांचं प्रमाण यापेक्षा बरंच कमी. म्हणजे कुणाला काय मिळालं हे गुपित कागदावर राहिलं, नाकाने ते पहिल्याच दिवशी फोडलं असणार. शिंक आली तर औषध, नाही आली तर पाणी, एवढा हिशेब कुणीही करील. अशा माणसाला ‘डोळ्यांना आता कसं वाटतंय?’ असं विचारून मिळालेल्या उत्तराचं वजन किती धरायचं?

यावर म्हणता येईल की म्हणूनच तर मुख्य कसोटी पट्टीची ठेवली. कागदाला अपेक्षा नसते, शिवाय डोळ्यात बधिर करणारा थेंब घालून पट्टी लावली जात होती. हा आक्षेप मला मान्य करावा लागतो, आणि इथे माझीच पंचाईत होते. कारण रुग्ण डॉक्टरकडे जातो तो चुरचुर थांबावी म्हणून, कागद ओला व्हावा म्हणून नव्हे, आणि पट्टीचा आकडा नि रुग्णाचा त्रास यांचा मेळ बसत नाही, हे नेत्रतज्ज्ञांना जुनंच ठाऊक आहे, अशी माझी मूळ कुरकुर होती. आता शिंकांमुळे तीच पट्टी त्यातल्या त्यात विश्वासाची ठरते. मग दुसरा उपाय सुचतो: तुलनेचा द्रवही शिंका आणणारा ठेवायचा. पण नाक चाळवणारा कुठलाही द्रव डोळ्यात पाणी आणणारच! शिंक आणि अश्रू दोन्हींची सुरुवात एकाच मज्जातंतूपासून होते. तुलनेच्या द्रवाला झोंबवलं तर त्यालाच औषध केल्यासारखं होईल. कदाचित त्या २८ टक्क्यांतही नुसत्या ओलाव्याने झालेल्या गुदगुल्यांचा वाटा असेल, आणि तसं असेल तर औषधाचा खरा गुण ४७ आणि २८ मधल्या अंतरापेक्षा मोठाच निघेल. म्हणजे ज्या त्रुटीवर मी बोट ठेवतो आहे, ती औषधावर अन्यायही करत असू शकते. नाकात सौम्य वीजप्रवाह देऊन अश्रू आणणारं एक उपकरण अमेरिकेत २०१७मध्ये मंजूर झालं होतं. तिथे ही अडचण थोडी सुटली होती: काहींना तोच प्रवाह नाकाच्या बाहेरून दिला, म्हणजे झिणझिण्या जाणवाव्यात पण आतली टोकं शांत राहावीत. फवाऱ्याला असा चकवा देता येत नाही.

मग त्रासाचं काय? कोरड्या हवेच्या खास खोलीत बसवून रुग्णांना डोळ्यांच्या कोरडेपणाबद्दल विचारलं, तेव्हा ‘ऑनसेट-२’मधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. याचं मला नवल वाटत नाही. कोरडेपणाचं मूळ अनेकदा पाणी कमी असण्यात नसतं. पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून तेल नीट झिरपत नाही आणि असलेलं पाणी उडून जातं. तिथे पाणी वाढवणं म्हणजे फुटक्या माठात आणखी घागर ओतणं. तरीही माठ रिकामा राहण्यापेक्षा घागर ओतलेली बरी, हेही खरंच. त्यातून हा आजार वर्षानुवर्षांचा, आणि मंजुरीला आधार झालेली मोजणी चार आठवड्यांची. मेक्सिकोत झालेली १२ आठवड्यांची चाचणी जेमतेम सव्वाशे रुग्णांची. रोज दोनदा शिंकायची तयारी सहाव्या महिन्यात किती जणांची टिकते, हे कुठल्याच पट्टीवर मोजता येणार नाही.