संदकफूच्या वाटेवरच्या म्हाताऱ्या गाड्या

दार्जिलिंगला गेलेला पर्यटक टायगर हिलवरचा सूर्योदय पाहतो, छोट्या आगगाडीतून घूमपर्यंत फिरून येतो, चहाची पाकिटे विकत घेतो आणि परततो. पण तिथून सुमारे २६ कि.मी.वर असे एक गाव आहे, जिथे पहाटेचा गारठा जुन्या इंजिनांच्या खोकल्याने भंग पावतो. या गावाचे नाव मानेभंज्यांग. 'भंज्यांग' म्हणजे खिंड आणि 'माने' म्हणजे बौद्धांचे प्रार्थनेचे दगडी स्मारक. रस्त्याच्या एका अंगाला भारत, तर दुसऱ्या अंगाला नेपाळ!

इथून संदकफूची वाट सुरू होते. अंतर सुमारे ३१ कि.मी., पण चढण जवळजवळ दीड हजार मीटरची. संदकफूची उंची ३,६३६ मीटर आहे. पश्चिम बंगालमधले हे सर्वांत उंच ठिकाण. हवा स्वच्छ असली की एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से आणि मकालू ही जगातल्या पहिल्या पाच शिखरांपैकी चार शिखरे इथून एकाच वेळी दिसतात. कांचनजंगेच्या रांगेला इथले लोक 'झोपलेला बुद्ध' म्हणतात.

या वाटेवर अनेक दशके प्रवासी आणि धान्याची पोती वाहत आल्या त्या जुन्या लँड रोव्हर गाड्या.

साहेब गेले, गाड्या राहिल्या

लँड रोव्हर पहिल्यांदा लोकांसमोर आली ती १९४८ मध्ये, अॅमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून गाडीचा सांगाडा पोलादी आणि वरचे अंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे करण्यात आले. चारही चाकांना जोर, खाली पाट्यांच्या भक्कम कमानी आणि साध्या पान्यांनी उघडता येणारे सुटे भाग. चहामळ्यांच्या चढउतारांसाठी आणखी काय हवे होते? मळ्यांवरच्या ब्रिटिश साहेबांनी या गाड्या दार्जिलिंगच्या डोंगरात आणल्या, असे इथे सांगतात. साहेब निघून गेले, पण गाड्या स्थानिक चालकांकडे राहिल्या.

आज त्यांतल्या अनेक गाड्यांचे मूळ इंजिनही राहिलेले नाही. त्याच्या जागी महिंद्राचे डिझेल इंजिन बसले आहे. १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू करणाऱ्या कंपनीचे इंजिन इंग्रजी गाडीच्या पोटात धडधडते आहे, हे ऐकून मराठी प्रवाशाला गंमत वाटते.

'गाडी पोचेल ना?'

गाडीकडे पाहिल्यावर बहुतेक प्रवाशांच्या ओठांवर हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर निघण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात मिळते. वाटेत वर्कशॉप नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. म्हणून दोष खाली गावातच सापडायला हवा.

आधी सेल्फ मारला जातो. तेव्हा चालकाचे लक्ष हेडलाइटवर असते. सेल्फ मारताच दिवे मंद झाले तर बॅटरी थंडीने गारठली आहे किंवा तिची टोके गंजली आहेत. दिवे झगझगीत आहेत, पण नुसताच 'टक' असा आवाज येतो, तर बॅटरी निर्दोष आहे आणि अडचण स्विचमध्ये, सेल्फमध्ये किंवा तिथपर्यंतच्या जोडणीत आहे. हे कळायला एकही पाना लागत नाही!

जुन्या लँड रोव्हरमध्ये विजेचा छुपा शत्रू म्हणजे कच्चे अर्थिंग. दिव्यात गेलेला प्रवाह गाडीच्या अंगातून आणि सांगाड्यातून बॅटरीकडे परततो. पण जिथे अॅल्युमिनियम पोलादाला चिकटते, तिथे धुके आणि पाऊस मुरला की पांढरी पूड धरते आणि प्रवाहाची परतीची वाट बंद होते. मग भलतेच प्रकार घडतात. ब्रेक दाबावा आणि वळणाचा दिवा मिणमिणावा! नवखा माणूस बल्ब बदलत बसतो. जाणता माणूस एक लांब वायर घेतो, तिचे एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकाला आणि दुसरे दिव्याच्या धातूच्या खोबणीला लावतो. दिवा लख्ख पेटला की निदान झाले. पूड खरवडायची, बोल्ट आवळायचा आणि वर ग्रीस चोपडायचे.

एक गोष्ट मात्र विसरून चालत नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या लँड रोव्हरमध्ये बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. पुढे ही पद्धत उलटी झाली. कोणत्या गाडीचे वायरिंग कोणी, कधी बदलले हे न पाहता बॅटरी जोडणे म्हणजे नवे दुखणे विकत घेणे.

डिझेलचे जुने इंजिन एकदा सुरू झाले की विजेवाचून चालते. म्हणून बॅटरीचा भरवसा नसलेली गाडी उतारावर तोंड करून उभी करणे केव्हाही शहाणपणाचे.

खटखट कुठून येते?

यानंतर गाडीखाली शिरायचे. गाडी एका बाजूला कलली असेल, तर त्या बाजूचा पाटा तुटला किंवा बसला असावा. इथेही अनुभव लागतो. चालकाचे आणि इंधनटाकीचे वजन धरून चालकाच्या बाजूचे पाटे मुळातच थोडे जास्त वाकदार असत. त्यामुळे रिकाम्या गाडीची ती बाजू किंचित उंच दिसली, तर तो दोष नव्हे.

गंजलेल्या पाट्यावर एखादी चकाकती रेघ दिसली, तर तिथे तडा असण्याची शक्यता असते. पाट्यांना एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटला, तर आस मागेपुढे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. दगडावरून जाताना 'खट्' आवाज येत असेल, तर पहार घालून पाट्याचे टोक हलवून पाहतात. ते सैल हलले की बुश झिजला समजायचे.

शॉक अॅब्सॉर्बर पाहण्याची युक्ती तर फारच सोपी. पाट्यांची गाडी मुळातच कडक, तेव्हा तिचा कोपरा दाबून सोडण्याने फारसे कळत नाही. त्यापेक्षा खडबडीत वाटेवर थोडी चालवून थांबवायची आणि चारही शॉकना जपून हात लावायचा. काम करणारा शॉक गरम होतो. जो थंड, तो मेलेला!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. या दोन दुखण्यांचे आपसात नाते असते. तोच दिवा पुन्हा पुन्हा जात असेल किंवा फ्यूज फक्त खडकाळ वाटेवर उडत असेल, तर दोष दिव्याजवळ शोधून उपयोग नाही. झिजलेल्या बुशाच्या धक्क्याने बल्बची तार तुटते, वायर सांगाड्यावर घासून उघडी पडते आणि प्रत्येक दगडावर शॉर्ट होते. धुक्यात, वळणावर दिवे गेले तर त्याचे मोल प्रवाशांना चुकवावे लागेल. दुखणे जिथे दिसते तिथे ते नसते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सांधेदुखीइतकेच या गाड्यांनाही लागू आहे.

वाट बदलते आहे

वाटेत तुमलिंग लागते, मग गैरीबासचा उतार, पुन्हा कालीपोखरीची चढण. भोवती सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, वसंतात गुरांसच्या फुलांनी लाल झालेले. लाजरा लाल पांडाही याच जंगलात राहतो. अलीकडे रस्त्याचा बराच भाग काँक्रीटचा झाला आहे आणि त्यावरून बोलेरो धावू लागल्या आहेत. नव्या गाड्या आरामशीर आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. जुन्या लँड रोव्हर मात्र आता थोड्याच उरल्या आहेत. त्या जशा कमी होतील, तसे कानाने आणि हाताने दोष ओळखणारे शिक्षणही कमी होईल. ते कोणत्याही पुस्तकातून नव्हे, गाडीखाली झोपूनच मिळते.

संदकफूला जायचे असेल तर मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ उत्तम. पावसाळ्यात उद्यान बंद असते. जवळचे मोठे रेल्वेस्थानक न्यू जलपायगुडी आणि विमानतळ बागडोगरा. ओळखपत्र आणि भरपूर गरम कपडे सोबत हवेत.

आणि निघण्यापूर्वी चालक गाडीभोवती फेरी मारत असेल, तर उशीर होतो म्हणून त्याला घाई करू नका. तुमच्या प्रवासातली ती सर्वांत महत्त्वाची दहा मिनिटे असतात.