मामी, जरा हलू नका

तैलरंगात माणूस रंगवायचा, तर आधी पांढरा कॅनव्हास दिसेनासा करायचा. मैलापूरच्या सरांनी पहिल्या दिवशी तेवढंच करून घेतलं. बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने सगळीकडे फासला. पांढऱ्यावर प्रत्येक रंग आहे त्याहून गडद वाटतो, म्हणून. घरी परतले ती कोपरापर्यंत तपकिरी होऊन.

समोर बसायला शेजारच्या मामी आल्या, ठेवणीतली कांजीवरम नेसून. साडीपर्यंत पोचायला मला किती वेळ लागेल, हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही. मी डोळे काढले ते पार कपाळात. सरांनी ब्रशच्या दांड्याने मोजून दाखवलं: डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. माझ्या चित्रात मामींना मेंदूसाठी जागाच उरली नव्हती.

मग थरांचा नियम आला: ‘फॅट ओव्हर लीन’, म्हणजे रोडक्यावर लठ्ठ. खाली टर्पेंटाइनचा पातळ थर, वर जवसाचं तेल वाढवत न्यायचं. उलटं केलं तर खालचा थर ओला राहतो आणि वरचा तडकतो. इथली हवा दमट, म्हणून मी कॅनव्हास पंख्याखाली ठेवला. ‘वाळत घातलेला अप्पळम, पापड आहे का हा?’ सर म्हणाले. जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. पंख्याने फक्त मामींच्या गालाला धूळ चिकटवली.

डोळ्यातलं पांढरं मी थेट ट्यूबमधलं भरलं आणि मामी भूत पाहिल्यासारख्या दिसू लागल्या. डोळे बारीक करून बघ, असं सर म्हणाले. बघितलं, तर ते पांढरं चक्क करडं होतं, पापणीच्या सावलीत जवळजवळ काळपट.

बघण्यावरून आठवलं: चित्रकार राजा रविवर्म्याला 1873 साली याच शहरात, तेव्हाच्या मद्रासच्या प्रदर्शनात, सुवर्णपदक मिळालं. त्रावणकोर दरबारी आलेल्या चित्रकार थिओडोर जेन्सनने त्याला शिकवलं नाही, नुसतं बघू दिलं, म्हणतात. मलाही बघता येईलच की! एग्मोरच्या संग्रहालयात त्याच्या चित्राला जवळजवळ नाक लावलं. लांबून झळकणारा दागिना जवळून म्हणजे गडद रंगावर टेकवलेले दाट ठिपके. रखवालदाराने मागे व्हायला सांगितलं.

त्याच उत्साहात मामींच्या नाकातली हिऱ्याची मूक्कुत्ती रंगवायला बसले. सरांनी ब्रश काढून घेतला: असा दाट ठिपका सर्वांत शेवटी. आता मामी रोज दारातून विचारतात, ‘मूक्कुत्ती एंगे?’ कुठेय माझी चमकी?

मी सांगते, आधी नाक वाळू दे.