पूर्णेच्या वाळूत दोन रात्री

नांदुऱ्याहून जळगाव जामोदकडे निघाले की येरळीजवळ पूर्णा नदी आडवी येते. एप्रिलमध्ये पुलावरून पाहिले तर नदी शोधावी लागते. वाळूच वाळू, आणि एका कडेने सरकणारी पाण्याची बारीक धार. आम्ही बैलगाडीच्या चाकोरीने खाली पात्रात उतरलो. तिथे डांगरवाड्या होत्या.

डांगर म्हणजे खरबूज-टरबूज. पावसाळ्यानंतर पाणी ओसरले की भोई कुटुंबे पात्रात येतात, वाळूत चर खणतात, शेणखत भरतात आणि बी टोकतात. मग फळे निघेपर्यंत मुक्काम तिथेच, तुऱ्हाट्या आणि गवताच्या खोपीत. जमीन सरकारी, पीक यांचे, भरवसा नदीचा. एक खोप इथे, दुसरी हाकेच्या अंतरावर. रमजानमध्ये दस्तरखानावर येणाऱ्या टरबुजामागे अशीही एक जागरण करणारी वाडी असते, हे आपल्या मुलांना बहुधा ठाऊक नसते.

आम्ही परवानगी विचारली तेव्हा खोपीतल्या मावशी म्हणाल्या, ‘‘वाळू काय आमची हाय? टाका चटई. फक्त वेलांवर पाय देऊ नका.’’

सगळ्यात मोलाची गोष्ट पाणी. बैतूल जिल्ह्यातल्या सातपुड्यातून निघून चांगदेवला तापीला मिळणाऱ्या या नदीच्या दोन्ही तीरांवर खारपाणपट्टा आहे; अमरावती, अकोला, बुलढाणा असा तीन जिल्ह्यांत पसरलेला. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. संग्रामपूर-जळगाव जामोदच्या गावांत मूत्रपिंडाच्या आजाराने माणसे गेलेली घरे आहेत. मावशींनी मात्र धारेपासून चार हातांवर वाळूत झिरा खणला होता. वाडग्याने हळूच उपसायचा, भरला की पुन्हा उपसायचा. पाणी विहिरीपेक्षा कितीतरी गोड. वजूला आम्ही धारेवर गेलो, झिऱ्याला हात लावला नाही. पिण्याचे पाणी वेगळे राखायचे, हे न सांगता कळत होते.

रात्री इशानंतर गार वारा सुटला. उत्तरेला सातपुड्याची काळी रेघ, वर आभाळभर तारे, आणि मधूनच कोल्ह्यांना पळवण्यासाठी डबा बडवण्याचा आवाज. कोल्हा पिकलेलेच डांगर नेमके ओळखतो, व्यापाऱ्यापेक्षा चांगले! पहाटे पुलाच्या बाजूने ट्रॅक्टरची घरघर ऐकू आली. मावशींचा मुलगा उठून बसला. वाळू उपसली की खाली चिकणमाती उघडी पडते. तिच्यात झिरा लागत नाही आणि वाडीही होत नाही. ‘‘औंदा दोन वाड्या कमी झाल्या,’’ तो म्हणाला.

नांदुरा तालुक्यातच पूर्णेवर जिगाव धरणाचे काम चालू आहे. पाणी अडले की काठची गावे उठतील. त्या गावांच्या पुनर्वसनाची चर्चा होते, व्हायलाच हवी. पण पात्रातल्या खोपीला घर नंबर नसतो, सातबारा नसतो. मग मोबदला मागायचा कोणत्या कागदावर?

निघताना मावशींनी दोन खरबुजे दिली आणि पैसे एकाचेच घेतले.